आमच्या पार्किंगमधल्या गोधड्या

गोधडी शिवायला येणारं माणूस कापड कधी नुसतं देत नाही. पिशवी टेबलावर ठेवतं, आपण माप विचारतो, तर उत्तर येतं, "ही साडी ना, माझ्या मावशीच्या लग्नातली." मग मावशी येते, मावशीचा नवरा येतो, त्याचं कुणाशी का पटत नव्हतं तेही येतं. माणूस निघून गेल्यावर लक्षात येतं की माप राहूनच गेलं. कापड आम्ही कापून, जोडून, शिवून परत देतो. मावशी मात्र इथंच राहते. अशा किती मावश्या माझ्याकडं जमल्यात म्हणून सांगू! मैत्रिणी जमल्या की म्हणतात, सांग गं एखादी. पण एक सांगितली की दुसरी रुसते, म्हणून आज बऱ्याच सांगून टाकते.

आधी आम्ही कोण, ते. मी सुनंदा. गारखेड्यात आमचं घर, खाली पार्किंग. मुलगी लग्न होऊन गेली, पाठोपाठ जुनी गाडी विकली आणि पार्किंग मोकळं झालं. तिथं मी तीन मशिनी टाकल्या. एकीवर मी बसते. दुसरीवर शकूबाई, शेंद्र्याजवळच्या गावची, धनगराच्या घरातली. घरी अजून मेंढरं आहेत, नवरा मात्र कंपनीत जातो. तिसरीवर शबाना आपा, शहागंजची. तिच्या दिराचं टेलरिंगचं दुकान आहे, त्यामुळं रंगीत कतरणींना आम्हाला कधी तोटा पडत नाही. आणि आम्हा तिघींवर देखरेख करायला आमचे मिस्टर. ते रिटायर झालेत आणि धंदा आपणच चालवतो अशी त्यांची समजूत आहे.

मशिनी आणल्या तेव्हा त्यांनी मला स्पष्ट बजावलं होतं की आता गोधडी कुणी पांघरत नाही, लोक ब्लँकेट घेतात, तू या भानगडीत पडू नकोस. पहिल्याच थंडीत आलेल्या पाहुण्यांनाही ते हेच समजावून सांगत होते. पलंगावर बसून, माझी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून.

* * *

सुरुवातीच्याच गिऱ्हाइकांपैकी एक दीपाली मॅडम. त्यांनी नवा बंगला बांधला होता आणि आर्किटेक्टनं सांगितलं होतं की हॉलच्या भिंतीवर एक जुनी गोधडी टांगा, घराला मुळं आहेत असं वाटतं. मॅडमकडं जुनी गोधडी नव्हती. मी म्हटलं, नवी शिवून देते. तर नाही, जुनीच पाहिजे. फक्त जुनीला वास नको, डाग नकोत आणि रंग सोफ्याला मॅच व्हायला पाहिजे.

आम्ही नवं कोरं सुती कापड आणलं, सोड्यात उकळलं, गच्चीवर टाकलं. मे महिना होता. आमच्या गच्चीवर मे महिन्यात ठेवला तर नवा नवरासुद्धा जुना दिसायला लागेल. कापड छान विटलं. मग तुकडे जोडले आणि वर मॅडमच्या सांगण्यावरून जागोजाग ठिगळं लावली. शकूबाई ठिगळ लावता लावता म्हणाली, "फाटलंच नाय तिथं ठिगळ लावायचं, हे मी जल्मात पयल्यांदा करायले."

वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं आलं. हॉलमध्ये गोधडी झकास टांगलेली, वर छोटा दिवा सोडलेला. मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या की ही ह्यांच्या आजीच्या हातची, आमच्या घराण्याचा वारसा. पाहुणे हात लावून बघत होते. आम्ही तिघी ताटात बघत होतो. मॅडमच्या सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या बोलतात तेव्हा सगळ्या घराला ऐकू जातं. त्या म्हणाल्या, "कुणाच्या हातची? आमच्या सासूबाईंनी सुई धरली ती फक्त पायातला काटा काढायला!"

आम्हाला वाटलं, आता मॅडम आपल्याला तोंड दाखवायच्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्या हजर. बेडरूमसाठी तशीच दुसरी हवी होती.

"ही माझ्या आजीची," मॅडम म्हणाल्या. "माहेरचं आता कुणी राहिलेलं नाही."

* * *

एक साहेब आले. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या मागून ड्रायव्हर एक भलंमोठं गाठोडं घेऊन आला. आयुष्यभर ऑफिसला घातलेले शर्ट होते. साहेबांना त्यांची आठवणींची गोधडी करून हवी होती. त्यांनी प्रत्येक शर्टाचा इतिहास सांगितला. हा घालून मंत्र्यांचं स्वागत केलं, हा घालून चौकशी समितीपुढं बसलो, ह्यात प्रमोशन झालं. आम्ही ऐकत होतो, पण कुठला शर्ट कुठला हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, कारण सगळे पांढरे. काही पांढरे, काही मळखाऊ पांढरे आणि काही निळीत जरा जास्त बुडालेले पांढरे.

गोधडीची सगळी मजा शेजारच्या दोन रंगांच्या भांडणात असते. इथं भांडणच नव्हतं. शबाना आपानं जोडताना दोन वेळा एकच तुकडा उलटा-सुलटा लावला, तरी कुणाला फरक कळला नाही. पूर्ण झाल्यावर पसरली तर दवाखान्यातली चादर. मी मिस्टरांना म्हटलं, साहेब चिडणार. मिस्टर म्हणाले, मी समजावतो. साहेबांचा विषय निघाला की त्यांनाही साहेब झाल्यासारखं वाटतं.

न्यायला साहेबांच्या मिसेस आल्या. त्यांनी गोधडी उलगडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मी घाईघाईनं सांगायला लागले की कापडच एका रंगाचं होतं, आमचा नाइलाज झाला. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"अगदी बरोबर झालीय," त्या म्हणाल्या. "यांची सगळी नोकरी अशीच होती. जोडही दिसत नाही, कामही दिसत नाही."

* * *

लोक मला विचारतात की दिवसभर मशीनवर बसून कंटाळा येत नाही का. गिऱ्हाइकाच्या कामाचा येतो कधीकधी. स्वतःच्या कामाचा नाही. दुपारी शकूबाई आणि आपा डबा खाऊन जरा पडतात, तेव्हा मी माझे म्हणून बाजूला ठेवलेले तुकडे काढते. कुठला हिरवा कुठल्या तांबड्याशेजारी बसवायचा हे ठरवण्यात माझा तास कसा जातो कळत नाही. चार तुकड्यांचे चार कोपरे बरोबर एका टिंबात येऊन भेटले की मला जे सुख होतं ते सोन्याच्या दुकानातही झालेलं नाही. मग अस्तर, मध्ये जुन्या लुगड्याचा थर, आणि मशीन सोडली की टाके कसे पावसासारखे पडत जातात. त्या वेळी मिस्टर काहीतरी सांगत असतात. मशीनच्या आवाजात ते ऐकू येत नाही, हा दुसरा आनंद.

पण स्वतःसाठी शिवलेली एकही गोधडी माझ्या घरी नाही. कारण मला एक नणंद आहे.

वन्संना माझ्या घरात काही आवडलं की त्या ते मागत नाहीत. त्या त्याच्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "वहिनी, तुम्हाला काय, तुम्ही दुसरी करताल." माझी मोरपंखी गेली. माझी लाल-पिवळी चौकटीची गेली. डोहाळजेवणाच्या साडीची मी फक्त माझ्यासाठी केलेली, तीही त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून निघून गेली. वर त्या नातेवाइकांत सांगतात की वहिनीला घरात काही काम नसतं, वेळ जावा म्हणून शिवत बसते.

एकदा मी ठरवलं की कुणालाच हात लावावासा वाटणार नाही अशी एक शिवायची. घरातले सगळे जुने परकर काढले आणि मिस्टरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या झोपायच्या चड्ड्या काढल्या. परकराचा एक तुकडा, चड्डीचा एक तुकडा, अशी अख्खी गोधडी केली. आपा हसून हसून मशीनवरून उठली. शकूबाई म्हणाली, "ताई, नाडीचं घर तेवढं उसवा, वळखू येईल." मी म्हटलं, येऊ दे ओळखू.

वन्सं राखीपौर्णिमेला आल्या. गोधडीवरून हात फिरवला. चेहरा बदलला. मला वाटलं, कळलं.

"वहिनी, हे पट्टे किती वेगळे आहेत हो," त्या म्हणाल्या. "एकदम एथनिक."

ती आता त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यावर असते. नवे व्याही बैठकीला आले तेव्हा त्यांना मानानं तिच्यावरच बसवलं होतं.

* * *

मध्यंतरी एका महिला मंडळानं मला गाठलं. त्यांना गोधडीचा वर्कशॉप करायचा होता. दहा-बारा बायका आल्या. सगळ्यांनी आधी मशीनवर बसून फोटो काढले, मग मशीनवर बसलेल्या दुसरीचे फोटो काढले, मग चहा झाला. दुपारपर्यंत धावदोऱ्याची एक ओळही पूर्ण झालेली नव्हती, पण मंडळाच्या ग्रुपवर 'आजच्या आमच्या कलाकृती' अशा नावाखाली माझ्या कपाटातल्या गोधड्या जाऊन पोचल्या होत्या.

संध्याकाळी एकीला न्यायला तिचे मिस्टर आले. डॉक्टर आहेत, ऑपरेशन करणारे. उभ्या उभ्या त्यांनी आमचं काम बघितलं आणि बायकोला म्हणाले की एवढ्यासाठी दिवस घालवलास? टाके घालणं हे आमचं रोजचं काम, आणि तेही हलत्या माणसाला. कापड तर हलतही नाही. मी म्हटलं, बसा ना डॉक्टरसाहेब, एक ओळ मारून बघा. आमची मशीन मोटारची आहे, पायाखालचं पेडल जरा जपून दाबा एवढंच सांगितलं. ते म्हणाले, गाडी चालवतो मी.

बसले. पेडल दाबलं. मशीननं एकदम झेप घेतली. डॉक्टरांनी कापड आवरायला डावा हात पुढं केला, पण पाय काही पेडलवरून काढला नाही. मी धावत जाऊन स्विच बंद करेपर्यंत त्यांच्या फुल शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत गोधडीला शिवली गेली होती. कातडीला धक्का नाही, नशीब. टाके मात्र इतके सरळ आले होते की तेवढी ओळ त्या दिवसातली सगळ्यात चांगली.

डॉक्टर गोधडीसकट उभे राहिले. बायका फोन काढायला लागल्या. शकूबाई कात्री घेऊन आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि अदबीनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, भूल देऊ का तसंच कापू?"

* * *

निवडणूक जवळ आली होती. शकूबाईच्या गावाकडच्या पट्ट्यातून निवडून आलेले एक भाऊ आमच्याकडं आले. त्यांना तिकडं सगळे भाऊच म्हणतात, पाच वर्षं ते कुणाला दिसले नव्हते तरी म्हणतात. त्यांना 'ज्येष्ठांचा सन्मान' म्हणून म्हाताऱ्या माणसांना गोधड्या वाटायच्या होत्या. भरपूर गोधड्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध भाऊंचा कापडावर छापलेला फोटो. हात जोडलेला, गॉगल लावलेला.

काम मोठं होतं, आम्ही घेतलं. पण एक अडचण होती आणि ती मिस्टरांनी काढली. त्यांचं म्हणणं, फोटो खाली पायाकडं घेतला तर म्हातारे रोज भाऊंना लाथा घालतील. वर तोंडाकडं घेतला तर झोपेत लाळ गळेल. मधोमध घेतला आणि कुणी गोधडी अंथरून वर बसलं, तर ते तर फारच वाईट. भाऊंचे कार्यकर्ते गंभीर झाले. पार्किंगमध्येच मीटिंग बसली. कुणी म्हणालं, फोटो आतून लावा, तर भाऊ म्हणाले, मग दिसणार कसा? शेवटी भाऊंनीच निर्णय दिला की मधोमधच ठेवा, जनतेच्या पोटाशी राहू.

गोधड्या वाटल्या गेल्या. पुढं काय झालं त्याची आम्हाला कल्पना नव्हती. थंडीत एक दिवस शकूबाई कामावर आली ती हसतच. आदल्या दिवशी त्यांची एक मेंढी व्यायली होती. कोकरू अशक्त निघालं, थंडीनं कुडकुडत होतं. शकूबाईच्या सासऱ्यांनी घरातून सन्मानाची गोधडी आणली आणि कोकरावर घातली. भाऊ बरोबर वर आले, हात जोडून. कोकरू ऊब धरून उठून उभं राहिलं, आईला लुचायला लागलं.

मिस्टरांना काळजी वाटली. त्यांनी विचारलं, कुणी काही बोललं का?

"सासरे बोलले की," शकूबाई म्हणाली. "म्हणले, पाच वर्सांत भाऊ पयल्यांदा कामाला आला. आन् भाषण बी केलं नाय."

* * *

सासू-सुनेच्या गोष्टी आमच्या धंद्यात इतक्या येतात की त्या आता आम्ही मोजतही नाही. पण ही एक वेगळी.

एक वयस्कर बाई जांभळ्या रंगाचा भरजरी शालू घेऊन आल्या. म्हणाल्या, याची गोधडी करा. आपानं शालू हातात घेतला आणि तिचे डोळेच मोठे झाले, इतका तो नवा होता. मी विचारलं, कापायचा नक्की? बाई म्हणाल्या, सुनेचा लग्नातला आहे, लग्नानंतर एकदाही अंगाला लावला नाही, जीन्स घालून हिंडते, पडून पडून कसर लागेल त्यापेक्षा कामाला येईल. नाव-पत्ता देऊन त्या गेल्या.

दोन-तीन दिवसांनी एक तरुण मुलगी स्कूटीवर आली. तिच्या पिशवीत पैठणी होती. जुनी, खरी जरीची, घडीवर जरा विरलेली. तिलाही गोधडी करून हवी होती. म्हणाली, सासूबाईंची आहे, त्यांना आता नेसवत नाही, कपाट अडलंय. तिनं पत्ता सांगितला. आपानं माझ्याकडं बघितलं, मी शकूबाईकडं. पत्ता तोच होता.

आम्ही कात्री लावली नाही. लावणार कशी? इकडून शालू कापला तर सून रडणार, तिकडून पैठणी कापली तर सासू. आपा म्हणाली, "नक्को बाई, इसमें हम नै पडते. दोनों को एकीच टाइम पे बुलाव." तेच मला बरं वाटलं. मापासाठी म्हणून मी दोघींना एकाच दिवशी, एकाच वेळेला बोलावलं, आणि टेबलावर शालू आणि पैठणी शेजारी शेजारी ठेवून दिली.

सासूबाई रिक्षानं आल्या, सून स्कूटीवर. दोघी पार्किंगच्या दारात भेटल्या. तू इथं कशी, तुम्ही इथं कशा, असं झालं. मग दोघींचं लक्ष टेबलाकडं गेलं. सुनेनं शालू ओळखला. सासूबाईंनी पैठणी ओळखली. शकूबाईनं सवयीनं कात्री तेवढी उचलून कपाटात ठेवली.

सासूबाईंनी सुनेकडं बघितलं, सुनेनं सासूबाईंकडं. मग दोघी एकदमच माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही कुणाच्याही साड्या न विचारता घेता?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या कुणी चोरून आणून दिली तर?"

"तेच ना आई," सून म्हणाली. "यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

सुनेनं पैठणी सासूबाईंच्या पिशवीत घातली, सासूबाईंनी शालू सुनेच्या डिकीत ठेवला, आणि दोघी एकाच स्कूटीवर बसून गेल्या. सासूबाईंनी मागून सुनेच्या खांद्याला घट्ट धरलं होतं. त्या घरात आता फार चांगलं चाललंय असं कानावर येतं. रोज संध्याकाळी दोघी मिळून फिरायला जातात आणि भेटेल त्याला सांगतात की त्या गारखेड्यातल्या गोधडीवालीकडं कापड देऊ नका.

* * *

आता ही शेवटची. ही मी फार कुणाला सांगत नाही.

कमलताई आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांचे मिस्टर शेंद्र्याकडं एका कंपनीत सुपरवायझर होते, आयुष्यभर शिफ्टच्या ड्युट्या केल्या. गेले त्याला वर्ष झाल्यावर कमलताई त्यांचे शर्ट आणि स्वतःच्या साड्या घेऊन आल्या. रडल्या-बिडल्या नाहीत, त्या तशा नाहीतच. त्यांना एक तुकडा शर्टाचा, त्याला लागून एक तुकडा साडीचा, पुन्हा शर्टाचा, पुन्हा साडीचा, अशी गोधडी पाहिजे होती. मी म्हटलं, छान दिसेल. त्या म्हणाल्या, दिसू दे नाहीतर न दिसू दे. शिफ्टमुळं दोघांना शेजारी बसायला कधी वेळ मिळाला नाही, आता बसवायचं.

आम्ही काम सुरू केलं. आणि एक दिवस दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, आम्ही कधी न पाहिलेल्या. त्या आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या पिशवीत एकच शर्ट होता. तपकिरी चौकड्यांचा, धुऊन, कडक इस्त्री केलेला. त्यांनी कमलताईंच्या मिस्टरांचं नाव घेतलं आणि म्हणाल्या की त्यांच्या कपड्यांची गोधडी तुमच्याकडं शिवायला आली आहे असं कळलं. याचा एक तुकडा तिच्यात कुठंतरी घालाल का?

मी विचारलं, तुम्ही कोण?

बाईंनी शर्टावरून एकदा हात फिरवला.

"शर्ट माझ्याकडं राहिला होता," त्या म्हणाल्या. "धुवायला."

मी म्हटलं, गोधडी माझी नाही, मला विचारावं लागेल. त्यांनी मान हलवली. विचारा, नको म्हणाल्या तर शर्ट परत द्या, फेकू नका, एवढंच सांगितलं. नाव दिलं नाही, नंबर दिला नाही. मी परत येईन म्हणाल्या आणि गेल्या.

शर्ट टेबलावर राहिला. आपा म्हणाली, न विचारता एक छोटासा तुकडा कोपऱ्यात घालून टाका, कुणाला कळणार आहे. शकूबाई म्हणाली, बाईला नवऱ्याचा शर्ट कळत नाय व्हय? कमलताईंना विचारायचं म्हणून मी फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. काय म्हणून सुरुवात करायची, तेच सुचत नव्हतं.

ते सुचायच्या आतच कमलताई आल्या. काम कुठवर आलं ते बघायला. आम्ही वरचा भाग जोडून पसरून ठेवला होता. त्यांनी एकेक तुकडा बघितला. ही साडी अमक्या बारशाची, हा शर्ट तमक्या दिवाळीचा, असं चाललं होतं. मग त्यांची नजर टेबलाच्या कडेला गेली.

त्यांनी चौकड्यांचा शर्ट उचलला. कॉलर उलटून बघितली. बटणांवरून बोट फिरवत खाली आल्या. खालून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, तिथं बोट थांबलं. शर्ट नाकाजवळ नेतील असं मला उगाच वाटलं, पण तसं काही केलं नाही. पुन्हा घडी घातली, इस्त्रीच्या रेघेवर बरोबर.

"कोण आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जेवढं झालं होतं तेवढंच. धुवायला राहिला होता म्हणाल्या, तेही सांगितलं. शकूबाईनं पाणी आणून ठेवलं. कमलताई पाणी प्यायल्या, त्यांनी पेला खाली ठेवला.

"घाला," त्या म्हणाल्या. "फक्त माझ्या साडीशेजारी नको."

आम्ही तिघींनी पसरलेल्या गोधडीकडं बघितलं. एक शर्ट, एक साडी, एक शर्ट, एक साडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची साडी शेजारी नाही अशी एकही जागा नव्हती. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. शकूबाईनं सांगितलं. म्हणाली, ताई, जागाच नाय, जिथं लावावा तिथं तुमी हायेतच.

कमलताईंनी गोधडीची एक कड उचलून उलटी बाजू बघितली. मग उठल्या, चप्पल घातली, दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, "मग अस्तराच्या आतून लावा. होता तसाच."